रेघेचं दुसरं टोक

प्रिय ईरा आणि अर्णव,

मागच्या रविवारी फोनवर ईरा म्हणाली, "आजी, या सत्रात डेटाबेस डिझाइन आहे. नुसते चौकोन काढायचे आणि त्यांना रेघांनी जोडायचं. चुकलं तर चुकलं, कुणाला काय फरक पडतो?" अर्णव मागून हसला. तुम्ही दोघं लगेच दुसऱ्या विषयावर गेलात. मला मात्र धक्का बसला. अशाच एका चुकलेल्या रेघेपायी एक मुलगी मरता मरता वाचलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आणि ती रेघ ज्याने काढली होती, त्याच्याइतका काळजीपूर्वक रेघ काढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या माणसाबद्दल मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, ते आता सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण पट्टणशेट्टी सर इंग्रजीत बोलताहेत असं काही केल्या मला ऐकूच येत नाही. तेव्हा अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

मी कोल्हापुरात एका धर्मादाय इस्पितळात नोंदणी विभाग सांभाळत होते, हे तुम्हाला माहीत आहे. पेशंट आला की त्याचं कार्ड काढायचं, जुना असेल तर जुने कागद शोधून डॉक्टरांकडे पाठवायचे, हे आमचं काम. कागद फार झाले तेव्हा विश्वस्तांनी सगळं संगणकावर न्यायचं ठरवलं. प्रोग्रॅम लिहायला एक कंपनी नेमली, पण अध्यक्ष म्हणाले, आधी घराचा नकाशा, मग गवंडी. नकाशा काढायला त्यांनी तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले एक मास्तर आणले. तेच पट्टणशेट्टी सर.

मूळचे गडहिंग्लजकडचे, लिंगायत. घरी कन्नड, बाहेर रांगडी मराठी, आणि दोन्ही एकाच पट्टीत, म्हणजे वरच्या. ते तळमजल्यावर ‘नमस्कार’ म्हणाले की वरच्या मजल्यावरच्या सिस्टर वाकून बघायच्या. अंगाने भारदस्त, एक गुडघा दुखरा, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी खडू. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे मोठा फळा मागितला. फळा नव्हता. मी म्हटलं, उद्या मागवते. दुपारी येऊन पाहते तर हा गृहस्थ नोंदणीच्या दालनात जमिनीवर मांडी घालून बसलेला, आणि नुकतीच पुसलेली फरशी चौकोनांनी भरलेली!

"सर, हे काय?" मी विचारलं.

"नकाशा हाय अक्का. जरा पाय जपून. तुमी डॉक्टरवर उभ्या हायसा."

मी खाली पाहिलं. खरंच, माझ्या पायाखालच्या चौकोनात ‘डॉक्टर’ असं लिहिलं होतं. बाजूला ‘पेशंट’, पलीकडे ‘खाट’, ‘औषध’, ‘तपासणी’. ज्या ज्या गोष्टीची नोंद ठेवायची, तिचा एक चौकोन. ज्या दोन गोष्टींचा संबंध, त्यांच्यामध्ये एक रेघ. रेघेच्या टोकाला जिथे एकच असेल तिथे एक छोटी आडवी खूण, आणि जिथे अनेक असतील तिथे तीन फाटे. या फाट्यांना सर कोंबडीचा पाय म्हणत. एका डॉक्टरचे पेशंट अनेक, म्हणून पेशंटच्या टोकाला कोंबडीचा पाय. झाडलोट करणाऱ्या शांताबाई रोज सकाळी कंबरेवर हात ठेवून विचारायच्या, "सर, तुमच्या कोंबड्या कवा जायच्या हितनं? मला फरशी पुसायची हाय."

"अंडी घातल्यावर," सर म्हणायचे.

त्यांचा एकच नियम होता, आणि तो ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. "रेघंला दोन टोकं असत्यात. दोन्ही टोकांना जाऊन इचारायचं. एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाचं ठरवायचं न्हाय." ऐकायला सोपं वाटतं. पण या नियमापायी त्यांनी अख्खं इस्पितळ हैराण केलं.

आमच्या मेट्रन फार कडक. सरांनी त्यांना विचारलं, एका खाटेवर पेशंट किती? मेट्रन म्हणाल्या, "एक. हे काय विचारणं झालं?" सरांनी आडवी खूण केली; दुसरा कुणी तिथेच थांबला असता. सर उठले, लंगडत थेट प्रसूतीच्या वॉर्डात गेले. पुरुषमाणूस असा न सांगता आत शिरलेला पाहून मी त्यांच्यामागे धावले. ते एका खाटेपाशी उभे राहून, कन्नडात आईला म्हणतात तसं ‘अव्वा’ म्हणत, विचारत होते, "अव्वा, ह्या खाटंवर किती जणं हायसा?"

खाटेवरची बाई पोराला पाजत होती. तिने पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "दोघं की. डोळं फुटलं काय तुमचं?"

"फुटलं हुतं, आता उगडलं," सर म्हणाले आणि वळले. खाली येऊन त्यांनी आडवी खूण पंजाने पुसली आणि तिथे कोंबडीचा पाय काढला. मेट्रनना म्हणाले, "बाळ पेशंट न्हाय व्हय? त्याला ताप आला तर कुणाच्या नावावर औषध घालणार?" मेट्रन महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण त्यानंतर बाळांना जन्मल्या जन्मल्या स्वतःचा नंबर मिळू लागला.

सरांच्या घरी मी कितीदा तरी गेले. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, अशी करायच्या की मी आहाराची सगळी शिस्त विसरायचे. त्या सरांना वाढता वाढता टोमणे मारायच्या. "अक्का, ह्यांना आमच्या घरात साखर कुठल्या डब्यात हाय ते ठावं न्हाय, आणि दवाखान्याचे डबे लावायला गेल्यात!" सर खाली मान घालून खायचे. घरात त्यांचा आवाज निम्मा व्हायचा. एकदा गिरिजाबाईंचे भाऊ आले होते. दारातूनच त्यांनी हाक मारली, "चंपाक्का!" आणि गिरिजाबाई हातातलं तूप तसंच ठेवून धावल्या. चंपा हे त्यांचं माहेरचं नाव. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आपल्याकडे हे असंच असतं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. मग सासरी तीच तिची ओळख.

प्रोग्रॅम सुरू झाला आणि उत्तम चालला. पेशंट आला की काउंटरवरची मुलगी तीन गोष्टी विचारायची: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि गाव. तिन्ही जुळल्या की पडद्यावर त्याचं जुनं कार्ड यायचं. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर वर ठळक लाल पट्टी दिसायची. तिन्ही जुळल्या नाहीत तर पेशंट नवीन, त्याला नवा नंबर. हे ठरवताना सरांनी डॉक्टरांना विचारलं होतं, मेट्रनना विचारलं होतं, विश्वस्तांना आणि मलाही विचारलं होतं. एका पेशंटला नावं किती? सगळ्यांनी सांगितलं, एक. ‘पेशंट’च्या चौकोनात नावाला एक रकाना मिळाला.

काम संपल्यावरही सर दर गुरुवारी येत. पैसे घेत नसत. काउंटरशेजारच्या बाकावर बसून माणसं बघत राहत. विचारलं तर म्हणत, "नकाशा काडला म्हंजे घर बांदून झालं न्हाय. लोक कुठनं कुठं जात्यात ते बगायला नको?"

असाच एक गुरुवार होता. दुपारची वेळ, काउंटरवर शबाना होती, शिकलगारांची. हुशार मुलगी, बोटं भरभर चालायची. पन्नाशीची एक बाई घाईघाईने आत आली. केस सुटलेले, हातात कापडी पिशवी. ती पेठ वडगावची, एसटीने आली होती.

"माझी लेक कुठं हाय? सुवर्णा. सकाळी झटकं आल्यात, दिवस भरल्यात तिचं."

शबानाने नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, गाव विचारलं. पडद्यावर कार्ड आलं. वर लाल पट्टी होती. सुवर्णा शाळेत असताना आमच्याकडेच तिला एका अँटिबायोटिकने भयंकर त्रास झाला होता, त्याची ती नोंद. शबाना म्हणाली, "मावशी, सुवर्णाचं जुनं कार्ड हाय. पण ती आज ॲडमिट न्हाय. दुसऱ्या दवाखान्यात नेलंय काय बघा."

"अगं पोरी, जावयानं आत्ताच हितं आणलीया की! त्येचा फोन आलाय मला!"

"न्हाय हो मावशी, बघा तुमीच. कॉम्प्युटरमधी न्हाय ती."

मी माझ्या टेबलापासून हे ऐकत होते. शबाना खोटं बोलत नव्हती. माझ्याही मनात आलं, बाईचा काहीतरी गोंधळ झालाय. सर मात्र बाकावरून हळूहळू उठले. त्यांनी त्या बाईला विचारलं, आणि त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी इस्पितळात पहिल्यांदाच ऐकला.

"अव्वा, सासरी तिला काय म्हणत्यात?"

"वैष्णवी. इचलकरंजीला दिलीया."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. लाल पट्टी तिथे होती, सुवर्णाच्या नावासमोर. आणि वरच्या मजल्यावर, तासाभरापूर्वी आलेल्या, अमक्याची बायको म्हणून नोंदलेल्या इचलकरंजीच्या वैष्णवीला नवा नंबर मिळाला होता. तिच्या कार्डावर काहीच नव्हतं. लग्नात तिचं नाव बदललं, वडिलांच्या जागी नवरा आला, गाव बदललं. आम्ही ज्या तीन गोष्टींवर माणूस ओळखत होतो, त्या तिन्ही.

सर धावले. तो दुखरा गुडघा घेऊन, कठडा धरून, जिना चढत ते ओरडत होते, "सुई थांबवा! औषध थांबवा! इचलकरंजीची वैष्णवी!" त्यांची एक चप्पल जिन्यावरच राहिली. मी मागे होते. माझ्यामागे ती आई.

औषध सुरू झालं होतं. सलाइनच्या नळीतून थेंब थेंब जात होतं. सिस्टरने सरांचा आवाज ऐकून नळी दाबून धरली, पण थोडं आत गेलं होतं. मी दारातून पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मुलगी आधीच बेशुद्ध, आणि तिचे ओठ सुजत होते, गळ्यावर लाल चट्टे उठत होते, श्वास शिट्टी वाजावी तसा येत होता. डॉक्टर धावले. नवरा भिंतीला चिकटून उभा होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला इचारलं, मी न्हाय म्हटलं. मला म्हाईतच न्हवतं." खरंच त्याला माहीत नव्हतं. त्याच्या आईलाही नव्हतं. ते माहेरच्या माणसांना माहीत होतं आणि आमच्या संगणकाला माहीत होतं. आणि माहेरच्या माणसाला आम्ही खाली सांगत होतो की तुमची मुलगी इथे नाही.

ती वाचली. बाळही वाचलं, मुलगा झाला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, सगळी बाटली गेली असती तर हातात काही नव्हतं.

मी सरांना शोधायला गेले. ते जिन्यात बसले होते, एका पायात चप्पल नव्हती. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास तसाच पायरीवर ठेवला.

"अक्का," ते म्हणाले, "मी दुसऱ्या टोकाला गेलोच न्हाय. डॉक्टरला इचारलं, तुमाला इचारलं, दुनियेला इचारलं. नाव बायांचं बदलतंय आणि एका बी बाईला जाऊन इचारलं न्हाय, की बाई, तुला नावं किती."

मी म्हटलं, "सर, मीही बाईच आहे. मलाही सुचलं नाही."

"तुमाला नोंदणीवाल्या म्हणून इचारलं की मी. बाई म्हणून कुठं इचारलं?" मग उजवा हात पुढे करून त्याच्याकडे बघत म्हणाले, "गिरिजाचं नाव म्या लिवलंय तांदळात. ह्या बोटांनी. चंपा पुसली आणि गिरिजा लिवली. मला म्हाईत न्हवतं असं कसं म्हणू?"

मला त्या मुलीच्या सुजलेल्या चेहऱ्याचा धक्का बसला होताच. पण हे ऐकून जो बसला तो वेगळा होता. ज्या गोष्टीने घात केला, ती आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात होती. तुम्ही मला शालिनीआजी म्हणता. पण मी लग्नापर्यंत विजया होते. तुमच्या बाबांनाही हे नीटसं ठाऊक नसेल. आणि मी, रोज शेकडो बायकांची नावं तपासणारी, स्वतःकडे बघून एकदाही थबकले नव्हते.

पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक झाली. सरांना कुणी दोष दिला नाही, त्याचंच त्यांना जास्त लागलं असावं. अध्यक्ष म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. माय-लेकरू सुखरूप आहेत. माहेरचं नाव म्हणून एक रकाना वाढवा, विषय संपला."

"रकाना न्हाय!" सरांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचे कप उडाले. "चौकोन!"

अध्यक्षांना फरक कळेना. मग सर सगळ्यांच्या देखत खाली बसले आणि बैठकीच्या खोलीतल्या चकचकीत फरशीवर खडूने दोन चौकोन काढले. एकात ‘पेशंट’, दुसऱ्यात ‘नाव’. "एक रकाना वाढवला म्हंजे अजून एकच नाव मावतंय. आणि जिचं दुसरं लगीन झालं ती? कागदावर एक आणि गल्लीत दुसरं, तिचं काय? यंत्रमागावर कामाला गेली तिथं मुकादमानं तिसरंच लिवलंय, त्याचं काय? नाव म्हंजे पेशंट न्हवं, अध्यक्ष. नाव पेशंटला लोकांनी चिकटवल्यालं असतंय. नंबर एकच ऱ्हाणार, जन्मापास्नं. नावं हितं, येगळी, लागतील तितकी, आणि कुठलंबी नाव घेतलं तरी त्याच माणसापाशी यायला पायजे." आणि ‘नाव’च्या टोकाला त्यांनी कोंबडीचा पाय काढला, खडू मोडेपर्यंत दाबून.

नंतर ते वॉर्डावॉर्डातून फिरले. या वेळी परवानगी घेऊन, मला सोबत घेऊन. प्रत्येक खाटेपाशी एकच विचारणं: "तुमाला अजून कुठल्या नावानं ओळखत्यात?" बायका आधी लाजायच्या, मग एकमेकींकडे बघून हसायच्या, मग बोलत सुटायच्या. एक म्हातारी म्हणाली, "पावणं, थांबा जरा. आठवाय लागतंय." पुरुषांतही निघाले. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर एक, आणि गाव ओळखतं ते भलतंच. सर ऐकताना मान डोलवायचे आणि दर वेळी चेहरा थोडा आणखी उतरायचा.

नवा नकाशा प्रोग्रॅममध्ये उतरला त्या दिवशी पहिली नोंद कुणाची करायची असा प्रश्न आला. सर गिरिजाबाईंना घेऊन आले. शबानाने विचारलं, नाव? त्या म्हणाल्या, गिरिजा. सर मागे उभे होते. म्हणाले, "आणि पयलं?" गिरिजाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी सरांसमोर हे नाव कधी उच्चारलेलं नव्हतं, सरांनी कधी विचारलेलं नव्हतं. पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "चंपा." मग हसून शबानाला, "नीट लिव गं. ह्यांनी पुसल्यालं हाय."

दुसरं नाव माझं घातलं. विजया.

त्यानंतर सरांचं गुरुवारी येणं कमी झालं, मग थांबलं. मी निवृत्त झाले. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच दालनात, आता पेशंट म्हणून. मी माझी रक्ततपासणी करायला गेले होते. सर चाकाच्या खुर्चीत, अंग निम्मं झालेलं, गिरिजाबाई शेजारी उभ्या. काउंटरवर नवी मुलगी होती. तिला ते कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिने पडद्यावरून नजर न हलवता नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग सवयीने विचारलं, "आजोबा, आणखी कुठल्या नावानं ओळखतात?"

सर तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, यांना ऐकू येत नाही. ती जवळजवळ ओरडली, "आजोबा! आणखी! कुठल्या! नावानं!"

"तम्मा," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक. "म्हंजे धाकटा. आमची अव्वा म्हणायची."

मुलीने ते टाइप केलं. सरांनी मान थोडी पुढे करून पडदा पाहिला, ते आलंय का. आलं होतं. मग त्यांनी मला पाहिलं आणि हाताने खूण केली, पुढे या अक्का, नंबर लावा.

त्यानंतर काही दिवसांनी ते गेले. त्या दालनाची फरशी बदलली आहे, प्रोग्रॅमही नवा आला आहे, शबाना लग्न होऊन मिरजेला गेली. काउंटरवर तो प्रश्न मात्र आजही प्रत्येकाला विचारतात.

तुमची,
आजी